चौथ्या कोपऱ्याचा आकडा

"याच्यावर शिक्का कुठाय, अक्का?"

काका माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. मी त्यांच्या हातात आमच्या क्लिनिकची पट्टी दिली होती. पट्टी म्हणजे प्लास्टिकमध्ये बंद केलेला वीतभर पुठ्ठा. त्यावर शून्य ते दहा आकडे, शून्याकडे लाल रंग, दहाकडे हिरवा. सिगारेट सोडायला आलेल्या माणसाला ती दाखवून आम्ही दोन प्रश्न विचारतो. सोडायची गरज किती वाटते? आणि आपल्याला सोडता येईल, असा स्वतःवर भरवसा किती वाटतो? माणूस आकड्यावर बोट ठेवतो, मी तो आकडा फॉर्मवर लिहिते. काकांनी बोट ठेवलं नाही. पट्टी उलटी केली, कडेनं पाहिली, नखानं टिचकी मारली, उजेडात धरली.

"दरवर्षी तपासून घेता काय ही?"

"अहो काका, पुठ्ठा आहे तो. त्याला काय तपासायचं?"

"मग त्याचा आकडा मी का मानू?"

सकाळपासून माणसांची रांग संपत नव्हती आणि माझं डोकं आधीच तापलेलं. मी म्हटलं, "मानू नका. पण बोट ठेवा."

बंगळुरातल्या शिवाजीनगरच्या बाजारामागच्या गल्लीत त्यांचं वजनकाटे दुरुस्तीचं दुकान. किराणावाल्यांचे, भाजीवाल्यांचे, सोनारांचे काटे त्यांच्याकडे यायचे, आणि जे काटे येत नसत त्यांच्याकडे काका स्वतः जायचे, खांद्याला वजनांची पेटी लावून. घराणं मराठी, पण बंगळुरात किती पिढ्या झाल्या हे त्यांनाही नक्की सांगता येत नसे. घरात मराठी, दुकानात कन्नड, गल्लीत उर्दू, आणि जिभेवर तिन्हींचा काला. मी निपाणीची, मला कन्नड काही नवं नाही. तरी "स्वल्प थांबा, विचार करतो" असं कुणी मराठीत म्हणालं की मला हसू फुटतंच. वयानं मी त्यांच्या लेकीएवढी. पण मी अक्का आणि ते काका, हे पहिल्याच दिवशी ठरून गेलं.

निपाणीची म्हटल्यावर तुमच्या लक्षात आलंच असेल. आमच्याकडे हवेलाच तंबाखूचा वास. आईनं विड्या वळून मला शिकवलं, आणि शिकून मी नोकरी धरली ती लोकांची तंबाखू सोडवायची. आईला सांगितलं तर म्हणाली, "बरं झालं, आता मी वळलेलं तू उसवत बस." हसत म्हणाली हां, रागानं नव्हे.

काका आले होते पायासाठी. डाव्या अंगठ्याला जखम झाली होती आणि काही केल्या भरत नव्हती. पायाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या बारीक होत होत बंद पडत आल्या होत्या. सर्जननं स्वच्छ सांगितलं होतं, औषधं देतो, पण खरं औषध एकच, धूर बंद. कमी नव्हे, बंद. नाहीतर आधी अंगठा जाईल, मग पाऊल, मग गुडघ्यापर्यंतचा पाय. त्यावर काकांनी म्हणे विचारलं, "अर्धी चालेल काय?" सर्जननं मान वर न करता चिठ्ठी लिहिली आणि त्यांना आमच्याकडे पाठवून दिलं.

आणि हा माणूस सगळा पायांवरच जगणारा. मी त्यांना खुर्चीत नीट टेकलेलं पाहिलंच नाही. कडेवर बसायचे, उठायचे, खिडकीशी जायचे, कोपऱ्यातल्या आमच्या वजनाच्या काट्यावर उभे राहायचे, "हा दोनशे ग्रॅम जास्त दाखवतोय" म्हणायचे, परत येऊन बसायचे. हात सारखा शर्टाच्या खिशाशी. त्यांना बघून बघून मीच पेनाचं टोपण काढ-घाल करायला लागायची. ते गेले की खोली एकदम मोठी झाल्यासारखी वाटायची.

आमची खिडकी पहिल्या मजल्यावर. खालची गल्ली सरळ त्यांच्या दुकानाकडे जाते. पहिल्या दिवशी ते निघाले तेव्हा मी सहज खाली पाहिलं. भांड्यांच्या दुकानापाशी थांबले, मालकाशी दोन शब्द बोलले. पुढे सुकामेव्याच्या दुकानात काट्यावर टिचकी मारली. त्याच्याही पुढे चपलांच्या दुकानापाशी थांबले, आणि तिथं तर काटाच नव्हता! मला वाटलं, काय गप्पिष्ट माणूस आहे बाई. नंतर कळलं, पन्नास-साठ पावलांवर त्यांच्या पोटरीत गोळा यायचा, पाय पुढं पडेनासा व्हायचा. लोकांना कळू नये म्हणून थांबायची दुकानं त्यांनी ठरवून ठेवली होती. तुमच्या पाहण्यातही असा पावलापावलाला थांबून बोलणारा कुणी असेल. पुढच्या वेळी जरा त्याच्या पायांकडे बघा.

आता त्या पट्टीचं खरं काय ते सांगते. आमच्या मॅडमचा, म्हणजे क्लिनिकच्या मोठ्या डॉक्टरांचा, तिच्यावर फार जीव. माझा नव्हता. कारण लोक आठ सांगतात. रिक्षावाल्याला विचारा, आठ. बँकवाल्याला विचारा, आठ. एचएसआर लेआउटमधून गळ्यात कंपनीचं कार्ड अडकवून येणारा इंजिनिअर असो, तोही आठ. "मॅडम, तुम्ही इतकं आपुलकीनं विचारताय, लिहा आठ." म्हणजे गुण मला द्यायचे, स्वतःला नव्हे! आठ सांगायचे आणि आमचाच जिना उतरता उतरता पेटवायचे. मी वरून बघत बसायची आणि चरफडायची.

काका आठ म्हणाले नाहीत. गरजेला त्यांनी लगेच दहा दिले. "पाय माझा आहे, दुसऱ्याचा नाही," म्हणाले. भरवशाचं विचारलं तर उठून उभे राहिले.

"असं कसं सांगू? चार कोपऱ्यांत ठेवून बघायला पाहिजे."

मग त्यांनी मला समजावलं. काट्याच्या ताटलीत बरोबर मधोमध वजन ठेवलं की सगळेच काटे शहाण्यासारखे वागतात. तेच वजन एकेका कोपऱ्यात सरकवून बघायचं. चारी कोपऱ्यांत तोच आकडा आला तर काटा खरा. "इथं पंख्याखाली तुमच्यासमोर मी म्हणजे मधोमध ठेवलेलं वजन. इथं दहा पण म्हणीन. कोपऱ्यांत विचारा की."

माझ्याच पेनानं त्यांनी फॉर्मच्या मागे चौकोन काढला. पहिला कोपरा, घर, सकाळी संडासात. मी लिहायला कचरले तर म्हणाले, "लिहा, लिहा. अर्धं गाव तिथंच ओढतंय." तिथं पाच. दुसरा कोपरा, बाजारातली फेरी, जिथं दर दुकानदार पाकीट पुढं करतो. तिथं चार. तिसरा, जेवणानंतर. तिथं सहा. चौथ्या कोपऱ्यात त्यांनी फक्त "दुकान, चार वाजता" एवढं लिहून घेतलं.

"आकडा?"

"तो नंतर."

मला राग आला आणि कौतुकही वाटलं. मॅडमच्या प्रशिक्षणात दोन दिवस घासून शिकवलेली गोष्ट या माणसानं दोन मिनिटांत चौकोन काढून सांगितली होती.

महिनाभर ते दर सोमवारी आले. तोंडात लवंग, खिशात पाकिटाऐवजी आम्ही दिलेली निकोटिन च्युइंगमची स्ट्रिप. पहिला कोपरा साफ झाला, मग तिसरा, मग बाजारसुद्धा. दुकानदारांना ते सांगत, "डॉक्टरनं मला सील मारलंय, उघडता येत नाही." दिवसाला बारा-तेरा ओढणारा माणूस, महिन्यात कुठं आला म्हणाल? अर्धीवर! रोज अर्धी. तिथून मात्र हलेना.

आमच्या कॉम्प्युटरला अर्धी कळत नाही. मी म्हटलं, "एक लिहिते."

"एक नका लिहू, खोटं होईल."

"मग शून्य लिहू?"

"ते तर त्याहून खोटं."

कपाळ माझं! शेवटी मी हातानं अर्धी लिहिलं आणि मॅडमची बोलणी खाल्ली. पण हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती. अंगठा काळा पडत चालला होता. सर्जननं पंधरा दिवसांची मुदत दिली. अर्धी ओढणारा आणि बारा ओढणारा, या दुखण्याला दोघे सारखेच, हे मी काकांना तीन वेळा सांगितलं. चौथ्यांदा मी पेन टेबलावर आपटलं.

"पुरे झालं काका. चौथ्या कोपऱ्यात कोण बसलंय ते सांगा, नाहीतर उद्यापासून येऊ नका."

ते खिडकीशी गेले. बाहेर बघतच म्हणाले, "अण्णा."

अण्णा म्हणजे थोरले भाऊ. दुकान दोघांचं. एकाच खोलीत दोघं बसत आणि नऊ वर्षं एकमेकांशी एक शब्द बोललेले नव्हते. नऊ वर्षांपूर्वी अण्णांनी एका सोनाराचा तराजू दुरुस्त केला होता. सोनार समोर बसलेला. काकांनी एका पारड्यात सोनाराचं सरकारी शिक्क्याचं वजन ठेवलं, दुसऱ्यात आपल्या पेटीतलं, आणि दांडी तिरकी झाली. काका सोनारासमोर म्हणाले, "अण्णा, तुझा काटा खोटा आहे." अण्णांनी आयुष्यात दुसरं काही कमावलं नव्हतं, फक्त आपला काटा खरा असतो एवढंच. ते उठून बाहेर गेले. परत आले ते गप्पच.

"आणि काटा खोटा नव्हता, अक्का."

"म्हणजे?"

"पारडी अदलाबदल करून बघायची असतात. इकडचं वजन तिकडं, तिकडचं इकडं. चूक वजनाबरोबर फिरली तर वजन खोटं, जागेवर राहिली तर काटा खोटा. हे मला अण्णानंच शिकवलेलं. मी बघितलं नाही, घाई केली. दोन महिन्यांनी माझी पेटी तपासणीला गेली तेव्हा कळलं. माझं वजन झिजलेलं होतं."

"मग सांगितलं नाहीत त्यांना?"

"रोज सांगणार होतो."

नऊ वर्षांत दोघांमध्ये एकच गोष्ट उरली होती. रोज चार वाजता अण्णा एक सिगारेट पेटवत, निम्मी ओढत आणि उरलेली निम्मी मधल्या स्टुलावर ठेवत. काका ती उचलत. भांडणाच्या आधीपासूनची रीत, तेवढी बंद पडली नव्हती. आता सांगा, हा माणूस ती अर्धी कशी नाकारणार? नाकारली तर अण्णा काय समजतील? आणि पायाचं सांगायचं तर बोलावं लागणार, बोलायचं तर आधी त्या काट्याचं बोलावं लागणार. काकांनी माझ्याकडून वचन घेतलं, अण्णांना यातलं काही सांगायचं नाही. मी दिलं. पेशंटचं बोलणं बाहेर काढायचं नाही हा आमचा पहिला नियम, त्यात वचन कसलं.

दोन दिवसांनी मी आमचा दोनशे ग्रॅम जास्त दाखवणारा काटा काखेत मारून त्यांच्या दुकानात गेले. चौथा कोपरा मला स्वतः बघायचा होता.

दुकान म्हणजे दहा पावलांची खोली. काका रस्त्याकडे तोंड करून इलेक्ट्रॉनिक काट्यांत, अण्णा आत भिंतीकडे तोंड करून दांडीच्या तराजूंत. पाठीला पाठ. मधे स्टूल, त्यावर राखेसाठी पितळेचं एक जुनं पारडं. एखादं गिऱ्हाईक आलं तर काका त्यालाच म्हणायचे, "यांना सांगा, हे आतलं काम आहे." आणि आतून अण्णा गिऱ्हाइकाला म्हणायचे, "त्यांना सांगा, संध्याकाळी देतो." बिचारं गिऱ्हाईक टपाल पोचवल्यासारखं इकडून तिकडं मान वळवायचं.

चार वाजले. अण्णांनी पक्कड खाली ठेवली, सिगारेट पेटवली. मी बघत होते. निम्मी म्हणजे अगदी निम्मी झाल्यावर त्यांनी ती पारड्याच्या कडेवर ठेवली, जळतं टोक आत, ओठांचं टोक भावाकडे. मान वळवली नाही. काकांचा हात मागे आला आणि न बघता बरोबर तिथंच पडला. ते माझ्याकडे बघत होते. मी समोर उभी असताना, माझी इतक्या आठवड्यांची बडबड ऐकून झाल्यावर, त्यांनी ती उचलली आणि ओढली. त्या दोन मिनिटांत हा माणूस हललासुद्धा नाही. पाय नाही, हात नाही. त्यांना असं शांत मी पहिल्यांदाच पाहत होते. मला रडू आलं आणि त्याच वेळी संतापही आला.

मग समोरच्या दुकानातून हाक आली आणि काका पेटी घेऊन रस्ता ओलांडून गेले. दुकानात अण्णांची पाठ आणि मी.

मी नियम मोडला. मोडला तो मोडला, आज उगाच सारवासारव करत नाही. मी म्हटलं, "तुमच्या भावाचा पाय कापायची वेळ आलीय. सगळ्या सिगारेटी सोडल्या त्यांनी. ही अर्धी तेवढी सुटत नाही, कारण ती तुम्ही देता."

अण्णांच्या हातातली दांडी थांबली. 

"कुठला पाय?"

"डावा."

"सरी," म्हणाले, म्हणजे बरं, आणि पुन्हा कामाला लागले.

मी जवळजवळ पळतच क्लिनिकला आले. नोकरी जाऊ शकली असती, आणि गेली असती तर कुणाकडे तोंड वर करून बोलायलाही जागा नव्हती. त्या दिवशी आणि पुढचे दोन दिवस मी एकाही माणसाला पट्टी नीट दाखवली नाही. आकडे विचारायची आणि ऐकायचं विसरून जायची.

चौथ्या दिवशी काका आले. सोमवार नव्हता. रांग मोडून आत घुसले.

"अख्खी ओढली! अण्णानं अख्खी ओढली! काल आणि परवा पण!" खोलीत गोल गोल फिरत होते. "बोटं भाजेपर्यंत ओढली. माझा हात मागे गेला, तर पारड्यात नुसती राख. नऊ वर्षं बोलला नाही, पण हे कधी चुकवलं नव्हतं त्यानं. संपलं, अक्का. आता तेही तोडलं."

"काका, बसा."

"बसत नाही!"

"मी सांगितलं त्यांना. पायाचं."

मग मला जे ऐकून घ्यावं लागलं ते कन्नडमध्ये होतं, ते इथं लिहीत नाही. विश्वासघातकी हा त्यातला सगळ्यात सौम्य शब्द. बाहेरची माणसं दारात येऊन उभी राहिली. मी ऐकून घेतलं, दुसरं काय करणार? बोलता बोलता त्यांचा दम संपला. खिडकीचा गज धरून उभे राहिले. मग हळूच विचारलं, "काय म्हणाला?"

"कुठला पाय, म्हणाले."

"आणि?"

"मी डावा म्हटलं. सरी म्हणाले."

"आणि?"

"एवढंच."

काका येऊन खुर्चीत बसले. कडेवर नव्हे, पाठ टेकून. "कुठला पाय," स्वतःशीच म्हणाले. दोनदा म्हणाले. मग माझ्यापुढचा फॉर्म ओढून उलटा केला आणि चौथ्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"लिहा. सात."

आम्हाला एक प्रश्न शिकवलेला असतो. माणसानं आकडा सांगितला की विचारायचं, याहून कमी का नाही? म्हणजे तो आपल्याच तोंडानं आपल्या बळाची कारणं सांगतो. मी सवयीनं विचारलं, "सात का? तीन का नाही?"

"माझ्या वाट्याची अण्णा ओढतोय म्हणून," ते म्हणाले आणि रुमालानं डोळे पुसले.

त्यानंतर खरंच दिवसाला शून्य. मॅडम खूश, कॉम्प्युटर खूश. दर सोमवारी काका दारातूनच बातमी द्यायचे, "आजपर्यंत रोज अख्खी ओढली, गाढवानं!" आणि आम्ही दोघं हसायचो. हो, हसायचो. अंगठ्याचं टोक गेलं, पण तिथंच थांबलं. जखम सुकली. पोटरीतला गोळा उशिरा उशिरा यायला लागला. खिडकीतून मी बघायची, तर आधी चपलांचं दुकान सुटलं, मग सुकामेवा. मी म्हणायची, "आता तरी सांगा अण्णांना त्या झिजलेल्या वजनाचं."

"सांगतो. स्वल्प पाय बरा होऊ दे. पाठीमागून सांगायची गोष्ट नव्हे ती. उठून, फिरून, त्याच्यासमोर उभा राहून सांगतो."

खोली दहा पावलांची. तेवढं चालायला त्यांना अजून वेळ हवा होता.

आता मला जे सलतं ते सांगते. ती अर्धी कुठं नाहीशी झाली नव्हती. ती या पारड्यातून त्या पारड्यात गेली होती. साठी उलटलेला एक माणूस भावाचा हात रिकामा राहावा म्हणून रोज बोटं भाजेपर्यंत ओढत होता, आणि मी, लोकांची सिगारेट सोडवायचा पगार घेणारी बाई, त्यावर हसत होते. पारडी अदलाबदल करून बघायची असतात, हे मला नुकतंच कुणीतरी समजावून सांगितलेलं. तरी मी बघितलं नाही. एकदा बस पकडायला जाताना अण्णा दुकानाच्या पायरीवर खोकत उभे दिसले, छातीवर हात. मी थांबून म्हटलं, "तुम्ही पण या की एकदा क्लिनिकला."

ते म्हणाले, "माझे पाय बरे आहेत."

मी हसले आणि बस पकडली. पर्समध्ये पट्टी होती माझ्या. काढली असती तर दोन मिनिटं लागली असती.

पुढच्या महिन्यात एका सोमवारी काका आले नाहीत. फोन केला तर त्यांनीच उचलला. म्हणाले, "अण्णा गेला, अक्का. सकाळी दुकानातच. मला पाठीमागं आवाज आला, मला वाटलं तराजू पडला."

त्यानंतर ते एकदाच आले, सहा महिन्यांच्या शेवटच्या तपासणीला. दुपारची वेळ. येऊन खुर्चीत बसले, पाठ टेकून, हात मांडीवर. खिडकीशी गेले नाहीत, काट्यावर उभे राहिले नाहीत. उलट मलाच बसवेना. मी पाणी आणलं, पंखा वाढवला, कमी केला. सर्जनची चिठ्ठी पुढ्यात होती, पाय वाचला असं त्यात लिहिलेलं. मला पट्टी काढायचा धीर होत नव्हता. त्यांनीच माझ्या टेबलावरून ती उचलली आणि हिरव्या टोकावर बोट ठेवलं.

"लिहा. दहा."

"काका, राहू दे आज."

"नाही, लिहा. चारी कोपऱ्यांत बघून सांगतोय. सगळीकडे तोच आकडा येतो."

"चौथ्यात पण?"

"चार वाजतात. हात मागे जातो अजून. पारडं रिकामं असतं." पट्टी त्यांनी काळजीपूर्वक जागेवर ठेवली. "देणारच कोण नाही आता. दहाच होणार की."

मी दहा लिहिलं. मॅडम मागून आल्या, खांद्यावरून फॉर्म पाहिला आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. "दहा! वा! बघा, मनावर घेतलं की सगळं होतं!" काका उठून उभे राहिले, मॅडमना नमस्कार केला. मी त्यांच्याबरोबर जिन्यापर्यंत गेले. विचारू नये ते विचारलंच. "सांगितलं होतं का त्यांना? वजनाचं?"

त्यांनी मान हलवली. नाही.

"बसा ना थोडं. चहा सांगते."

"नको अक्का. चारला दुकानात असायला पाहिजे."

"आता कशाला?"

 ते जिना उतरले, दर पायरीवर पाय बदलून, कठडा न धरता.

मी खिडकीशी आले. चार वाजायला दहा मिनिटं होती. खाली भांडीवाल्यानं त्यांना हाक मारली. काकांनी चालता चालताच हात वर केला. सुकामेव्याचं दुकान मागं पडलं, चपलांचं मागं पडलं. कुठंच थांबले नाहीत.